काट्यावरून उतरलेली धार

—आणि तो डबा आधी नजरेआड कर बाई, माझ्या ओट्यावर नको. दुकानातलं एगनॉग! व्हर्ना, एवढी वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहतोय आपण, ख्रिसमसला माझ्याकडचं पितेस, आणि स्वतः मात्र अजून ती गोड पेज विकत आणतेस. शिकायचंच नाही म्हणतेस ना? आज शिकवते. ॲप्रन बांध, हॉलिसचा घे, दारामागे आहे — हो, अगदी मापात बसला बघ तुला. आज मला तुझा हात उसना हवाय. एकटीनं व्हायचं काम नाही हे. फेटणारी मी आणि ओतणारा हॉलिस, लग्न झाल्यापासून. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, टर्कीची हाडं रश्श्यात पडली की आम्ही दोघं ह्या ओट्याशी. मी बलक नि साखर फेटत राहायचं आणि त्यानं बर्बन ओतायची — पण किती बारीक! बलक दारूतच शिजला पाहिजे, चुलीवर नाही. घाई केली की फाटलं, धार तुटली की फाटलं. मग दूध, साय, नि बरणी मुरायला ख्रिसमसपर्यंत. गल्लीतली माणसं माझ्या पाहुणचाराला येतात असं वाटतं तुला? छे. हॉलिसच्या धारेला येतात.

आणि यंदा साहेब म्हणतात, मनगट आखडलंय. हरणाच्या शिकारीवरून आला तेव्हापासून. आत्ता कुठे आहे? चर्चमध्ये, ख्रिसमसच्या देखाव्यासाठी गव्हाणीचा मांडव ठोकतोय — हातोडा चालतो बरं त्या मनगटाला, बाटली चालत नाही. म्हटलं, मग मला तरी दाखव कशी ओततोस ते. तर नाही. त्याच्या बापानं त्याला दाखवलं, बस, पुढे कुणाला नाही. ओतताना पाठ करून उभा राहायचा माझ्याकडे, खरं सांगते! मी हसायचे. आमच्या लेकीनं किती हट्ट केला, तिलाही म्हणाला, मी मरायला टेकलो की सांगेन. मी चोरून बघितलंय, तो भाग वेगळा. बायकोपासून काय लपतं? — बरं, मी लागते फेटायला. तू घे ती बाटली. पळी ठेवलीय बघ बाजूला, पळीनं सोड हळूहळू, थरथरलीस तरी चालेल, पहिल्यांदाच करतेयस, मी सांभाळून—

खणातून तो जेवायचा काटा कशाला काढलास?

नाही, नाही, काढलास तर काढलास. ओत. बाटलीचं तोंड काट्याच्या पाठीवर, हो, आणि धार मधल्या दातावरून… हॉलिससारखीच. ओत ना. थांबू नकोस, थांबलीस तर फाटेल, एवढी अंडी फुकट जातील. मी फेटतेय, तू ओत. किती सुरेख उतरतेय गं. दोऱ्यासारखी. माझ्याकडे नको बघूस, भांड्यात बघ.

यंदा हरीणच मिळालं नाही त्याला. सांगितलं होतं ना मी तुला? आठवडाभर डोंगरात राहून आला नि फ्रीजरमध्ये मांसाचा तुकडा नाही. मी म्हटलं, असू दे, म्हातारा झालास, नेम चुकायचाच. आणखी दोन उशा दिल्या पाठीला. आणि तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हाच. बहिणीचं गुडघ्याचं दुखणं. तुझ्या मांजरीला दूध घालायला सकाळ-संध्याकाळ मी जायचे, व्हर्ना. पाऊस होता म्हणून तुझे कपडे दोरीवरून काढून घडी घालून ठेवले मी. तुझ्या घडीसारखीच घडी घातली, तुला आवडतं तशी. ओत, ओत. तिकडे डोंगरात त्यानं तुला हे करून दाखवलं होय? नुसतं दाखवलं, का तुझ्या हाताला धरून? — नको, सांगू नकोस. मला दिसतंय. पोटच्या पोरीला नाही शिकवलं त्यानं.

मी काय म्हणत होते… हां, मनगट. मनगटाला काही झालेलं नाही त्याच्या. माझ्या शेजारी उभं राहवलं नाही त्याला, एवढंच. तेवढी तरी लाज आहे. तुला तीही नाही, तू सरळ आलीस, ॲप्रन बांधलास. का, काटा उचलताना विसरलीस? हातालाच सवय झाली, होय ना? होते. मला राग यायला हवा, नाही का? येईल, संध्याकाळपर्यंत येईल. आत्ता नुसतं फार वाईट वाटतंय. त्याचं एक वेळ गिळेन मी, नवरा आहे, त्याच्यावर डोळा ठेवायचा असतो हे माझ्या आईनं शिकवलं होतं. तुझ्यावर ठेवायचा हे कुणी सांगितलं नव्हतं गं. न्यूमोनियात माझे केस विंचरलेस तू.

झाली? संपली बाटली? बघ, एक गुठळी नाही. त्याच्यापेक्षा चांगली जमली तुला. ठेव ती. ॲप्रन काढ. नाही, खुर्चीवर नको, खाली टाक. रडू नकोस, माझ्या स्वयंपाकघरात मीच रडेन. कोट घे आणि—

तिकडे कुठे? मागच्या दारानं नाही. मागच्या दारानं माझी माणसं ये-जा करतात. पुढचं दार दिवाणखान्यातून आहे. कडी जरा घट्ट आहे, पाहुण्यांशिवाय कुणासाठी उघडत नाही ते. ओढ जोरानं.