सहाच्या पाढ्यात न बसलेले आकडे

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाचे अधिष्ठाता प्राध्यापक तोदेवसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या नेदका पाउनोवाबाई, समोर बसलेले प्राध्यापक, प्रशिक्षक, माजी विद्यार्थी, आणि बाईंच्या तासाला कधी टेकायची परवानगी नव्हती म्हणून आज हौसेनं मागच्या भिंतीला टेकलेले तृतीय वर्षाचे विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

पाहा, बाईंनी नुसती मान वळवली आणि चौघे सरळ झाले.

तोदेवसाहेबांनी माझी ओळख फार उदारपणे करून दिली. स्तोइमेन काराद्झोव, अठरा गावांत खेळाच्या सामानाची दुकानं, जिम्नॅस्टिक्सच्या हॉलला नव्या गाद्या देणारे, शून्यातून वर आलेले वगैरे वगैरे. साहेब, शून्य नव्हतं ते. बुटांचा एक जोड होता. मी त्याच जोडाबद्दल बोलणार आहे, आणि बोलून झाल्यावर कार्यक्रमपत्रिकेत आठव्या क्रमांकावर माझा जो सत्कार छापलाय, तो होऊ नये अशी विनंती करणार आहे. असे बघू नका साहेब, जेवण वेळेवरच होईल.

बाई, उद्यापासून तुम्ही या इमारतीत नसाल. तुमच्या हातून इथे एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला, आणि तो तुमच्याकडून मी करवून घेतला. लाचेझार मिंकोव. नाव आठवतंय ना? तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय, आठवतंय. एकतीस वर्षं तुमच्या लेखी तो खोटारडा आहे. आज बोललो नाही तर कायमचा तसाच राहील.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी थोडं सांगायला हवं. इथे येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, चार वर्षं पळायचं, पोहायचं, बर्फावर घसरायचं आणि शेवटी गळ्यात शिट्टी अडकवून बाहेर पडायचं. मलाही तसंच वाटायचं. मी चारशे मीटर धावणारा; डोक्यापेक्षा पायावर भरवसा जास्त. मग पहिल्याच वर्षी बाई वर्गात आल्या. आम्हाला त्या 'सहकारी' म्हणायच्या. "सहकारी, तुमची पाठ बाकासाठी नाही." "सहकारी, शिट्टी वाजवावी लागली म्हणजे तुमचं सांगणं मुलांना कळलेलं नाही." शिव्या परवडल्या असत्या हो, पण त्या 'सहकारी'नं कान लाल व्हायचे.

बाईंचा विषय अध्यापनपद्धती. त्यात एक काम असतं. आपल्यातला एकजण शाळेतल्या मुलांचा तास घेतो आणि जोडीदार बाकावर बसून त्या वर्गातल्या एकाच मुलावर नजर ठेवतो. ते मूल किती वेळ हललं, किती वेळ रांगेत नुसतं उभं राहिलं, ते स्टॉपवॉचवर मोजायचं. दर आठ मिनिटांनी त्याला बाजूला बोलवून मानेवर दोन बोटं ठेवायची, दहा सेकंद ठोके मोजायचे, सहानं गुणायचं आणि पत्रकात मांडायचं. नवखे हसतात. मीही हसलो होतो. एकदा बाईंना म्हणालोही, "बाई, मुलं दमली की नाही ते त्यांच्या तोंडावर दिसतंच की." बाई म्हणाल्या, "तोंड तुम्हाला खूश करण्यासाठीही लाल होतं, सहकारी. नाडीला तुम्ही कोण ते माहीत नसतं."

आणखी एक म्हणायच्या. "मी एका वेळी एकाच हॉलमध्ये असते. हे पत्रक म्हणजे, मी नसते तिथले माझे डोळे."

अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. अंतिम परीक्षेआधीचा पाठ. लाचेझार तास घेणार, मी बाकावर. तो लोमचा, डॅन्यूबकाठचा, पोहणारा गडी. खांदे असे की दारातून तिरका व्हायचा. वसतिगृहात आमची खोली एकच. माझी आई चीज भरलेली बानित्सा पाठवायची, त्यातली अर्धी त्याच्या पोटात. तो पाठाच्या टिपणांवर पंधरा दिवस बसला होता. दुसरीचा वर्ग, पुढची कोलांटउडी. गादीवर उभा राहून माझ्याकडे बघत बडबडायचा, "हनुवटी छातीला लाव, पोटाकडे बघ, आता सांग, तुला काय दिसतंय?" मी म्हणायचो, "मला काल धुवायची राहिलेली बनियन दिसतेय." तो उशी फेकायचा.

आणि मी? माझा मामा ट्रक घेऊन परदेशी जायचा. त्याच आठवड्यात त्याने एक जोड आणला होता, पांढरे, निळ्या पट्ट्यांचे. तेव्हा असे बूट साऱ्या बल्गेरियात लोकांना फक्त टीव्हीवर दिसायचे. ज्या शाळेत आमचा पाठ होता तिथल्या क्रीडाशिक्षकाला ते हवे होते, आणि शाळेत जायचा माझा दिवस तो एकच.

तास सुरू झाला. बाईंनी पहिली आठ मिनिटं पाहिली, मला मान हलवून खूण केली आणि पलीकडच्या इमारतीतल्या दुसऱ्या पाठाला गेल्या. बाईंची पाठ वळली तसा मी उठलो आणि सामानाच्या खोलीत गेलो. तिथे तो शिक्षक चेंडूंच्या ढिगावर बसून बूट पायात घालून बघत होता. "बोटं दाबतात रे." "चामडं आहे साहेब, सैल होईल." "आणि झालं नाही तर?" "तर साहेबांचे पाय लहान होतील." असलं चाललं होतं. गळ्यात स्टॉपवॉच लटकत होतं, बंद केलेलं. सौदा झाला. माझ्या आयुष्यातला पहिला. लोक मुलाखतीत विचारतात, सुरुवात कशी झाली? मी सांगतो, बुटांच्या एका जोडापासून. खरंच सांगतो. किती वाजता झाली, ते सांगत नाही.

परत आलो तेव्हा तीन मिनिटं उरली होती. मुलं रांगेत उभी, लाचेझार घामाघूम. मी बाकावर बसून पेन्सिलीनं पत्रक भरलं. सुरुवातीला नव्वद. मग एकशे पंचवीस, एकशे चाळीस, एकशे पंचावन्न, एकशे सत्तर, आणि शेवटी उतरतं. चित्र छान दिसत होतं, टेकडीसारखं. नियम असा की पाठ घेणाऱ्यानं कच्च्यावरून शाईनं पक्कं पत्रक लिहायचं आणि सही करायची. त्याने धडाधड उतरवलं आणि कच्चा कागद मला परत दिला. वर मलाच म्हणाला, "थँक्यू रे, बसून बसून पाठ आखडली असेल तुझी."

दुपारी आम्हा सहाजणांना बाईंनी समोर बसवलं. लाचेझारचं पत्रक हातात घेतलं, बराच वेळ बघितलं.

"सहकारी मिंकोव, एकशे पंचावन्नला सहानं भाग द्या."

तो पुटपुटला, "पंचवीस... आणि वर काहीतरी, बाई."

"काहीतरी. म्हणजे ही मुलगी दहा सेकंदांत पंचवीस ठोके देते आणि सव्विसावा अर्धा टाकून खेळायला पळते?"

दोघेतिघे हसले. बाई हसल्या नाहीत. "सहाच्या पाढ्यात न बसणारा आकडा इथे येऊच शकत नाही. एक नाही, चार आहेत. हे मोजलेले नाहीत, बसून लिहिलेले आहेत." मग माझ्याकडे वळल्या. "सहकारी काराद्झोव, तुम्ही मोजलं होतं?"

मी म्हणालो, "हो बाई. नीट मोजलं होतं. कच्चा कागद त्याला दिला होता."

कच्चा कागद माझ्या पँटच्या खिशात होता, चार घड्या घातलेला. बसल्या बसल्या मांडीला टोचत होता.

बाई लाचेझारकडे वळल्या. तो माझ्याकडे बघत होता. मी भिंतीवरच्या शिड्या मोजत होतो. मग त्याचा आवाज आला, "हो बाई. हरवला माझ्याकडून. अंदाजानं भरलं."

बाईंनी पत्रक उपडं ठेवलं. त्याचा पाठ कसा झाला, त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. बोलणार तरी कशाच्या आधारावर? समितीपुढे बाईंचं एकच वाक्य वाचलं गेलं: जो मुलाच्या हृदयाचे ठोके मनाने लिहितो, त्याच्या हाती मुलं देता येणार नाहीत. लाचेझारला परीक्षेला बसू दिलं नाही. मला सहापैकी साडेपाच मिळाले. पदवी मिळाली. आज इथे माईक मिळाला.

बाई, तुमचं काहीच चुकलं नाही. वाक्य अक्षर न् अक्षर बरोबर होतं. फक्त माणूस चुकला, आणि तो मी चुकवला.

गेल्या रविवारी मी लोमला गेलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तिथल्या जलतरण तलावावर तो पाणी तापवण्याचं आणि फरशी धुण्याचं काम करतो. पदवी नाही, म्हणून परवाना नाही, म्हणून प्रशिक्षक नाही. नोंदवहीत प्रशिक्षक म्हणून दुसऱ्याच एका पोराचं नाव आहे. पण मी काठावर उभा होतो, आणि पाण्यातली चिल्लीपिल्ली ओरडत होती, "लाचोकाका, बघा, लाचोकाका, माझा हात बघा!" आणि हा हातात झाडू घेऊन, "कोपर वर! कोपर वर, राणी! बदक आहेस का?"

त्याची बायको सेव्दा तलावाच्या दारात तिकिटं देते. माझं नाव ऐकून तिने मला बुटापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हाच का तो बूटवाला?" नवऱ्याला म्हणाली. "पायात स्वतःच्या दुकानातले आहेत की कुणाचे काढून आणलेत?" मला हसावंसं वाटलं आणि हसता आलं नाही.

बॉयलरच्या खोलीत बसलो. म्हटलं, "लाचो, तू का बोलला नाहीस त्या दिवशी?"

"तू 'हो बाई' म्हणालास ना, तेव्हा तुझा आवाज बारक्या पोरासारखा चिरकला. कीव आली. म्हटलं, नापास करतील, सप्टेंबरमध्ये परत पाठ घेऊ. एवढं होईल असं कुठे वाटलं? मग सैन्यात गेलो, मग बापाला अर्धांगवायू, मग राजवट पडली, सगळा देशच उलटा झाला. राहिलं."

"मी बाकावर नव्हतो, ते दिसलं नाही तुला?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इथे शिकलोच नव्हतो. "अरे, अठ्ठावीस पोरं डोक्यावर उलटी होत होती. एखाद्याची मान मुरगळली असती. तुझ्याकडे कुठे बघू मी?"

म्हटलं, बाईंचा निरोप समारंभ आहे, चल. सगळ्यांसमोर सांगतो. तोदेवसाहेबांशी बोलतो, कागद दुरुस्त करून घेतो, हवी तर पदवी... त्याने मधेच तोडलं. "आता पदवी काय चुलीत घालू? चोपन्न वर्षांचा झालो. आणि तू चारचौघांत रडणार, लोक टाळ्या वाजवणार, मी कोपऱ्यात कोट घालून उभा राहणार? नको. तू जा."

मी उठलो. दारापर्यंत गेलो. त्याने हाक मारली. झाडूच्या काठीकडे बघत म्हणाला, "एक कर. बाईंना विचार, धडा कसा झाला होता? पत्रक जाऊ दे. धडा. पंधरा दिवस बसलो होतो त्याच्यावर. कुणी काही बोललंच नाही रे."

बाई, तर त्याच्यासाठी विचारतो. लाचेझार मिंकोवचा दुसरीच्या वर्गाचा, कोलांटउडीचा धडा कसा झाला होता?

थांबा, कुणीतरी बाईंजवळ माईक द्या. नको म्हणताहेत.

मागे ऐकू आलं नसेल, म्हणून मी सांगतो. बाई म्हणाल्या, "सुरुवातीची आठ मिनिटं मी पाहिली. त्या आठ मिनिटांना मी सहा दिले असते. पुढचं पाहायला मी तुम्हाला बसवलं होतं, सहकारी."

हो बाई.

उद्या सकाळी मी लोमला परत जातोय. आठ मिनिटांचं त्याला सांगेन. सहा, पैकीच्या पैकी, बाईंच्या तोंडून. शेवटची तीन मिनिटं मी पाहिली होती, मुलं सरळ रांगेत उभी होती, तेही सांगेन. मधली एकोणतीस मिनिटं त्याने काय केलं, कोणतं घाबरलेलं पोर कसं गादीवर आणलं, पहिली कोलांटउडी कुणाला जमली, ते मी त्याला सांगू शकत नाही. त्या हॉलमध्ये ते पाहायचं काम एकाच माणसाला दिलं होतं, आणि तो पलीकडे बूट विकत होता.

तोदेवसाहेब, आठव्या क्रमांकाचं तेवढं खोडून टाका.

महाविद्यालयाने मला बोलावलं, संयोजकांनी वेळ दिला, आपण सर्वांनी खुर्च्या न वाजवता ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभारी आहे. बाई, पुढची वर्षं तुम्हाला निरोगी आणि निवांत जावोत. बोलण्याच्या ओघात कुणा मान्यवरांचं नाव राहिलं असेल, मानाचा क्रम चुकला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर तेवढ्याची क्षमा असावी. तेवढ्याचीच मागतोय. बाकीची या सभागृहात कुणाकडे मागता येण्यासारखी नाही.