भोंगा झाल्यावर आठ मिनिटं

प्रतिमा: चार वाजता अंधार पडतो इथे, विनू. दुपारी चार वाजता. वर्कशॉपमधून बाहेर निघते तर रस्त्यावरचे दिवे लागलेले.

विनता: मग तुला जबलपूरचं ऊन पार्सल करू का पोलंडला? इथे जानेवारीतही दुपारी स्वेटर काढावा लागतो. मी तर कमरेला बांधूनच शाळेतून आली. मिश्रा मॅडम म्हणे, ये क्या सर्कस है.

प्रतिमा: आत्ताच आली का?

विनता: आत्ताच. दप्तर अजून पाठीवर आहे. पण तू आज बुधवारी कशी काय? तुझा वार तर रविवार.

प्रतिमा: एक तास रिकामा मिळाला. आणि बाबांशी बोलायचं होतं. शुक्रवारी फोन केला तर बाबा ओव्हरटाइमला, रविवारी केला तर विहारात. व्हिडिओ काहून नाही लावत तू?

विनता: कॅमेऱ्यावर भेग पडली आहे. माझे दोन तोंडं दिसतात. एकच पुरे झालं, असं आई म्हणते.

प्रतिमा: अच्छा. बाबांना सांगशील, मी विसरली नाही म्हणून. वर्कशॉपमधली मोठी लेथ मशीन कोणत्या कंपनीची, किती सालची, ते पाहून सांग म्हणाले होते. दोन महिने झाले. तिची पाटी मागच्या बाजूला आहे, वाकून पाहावं लागतं, आणि मी रोज सरळ निघून येते.

विनता: सांगते. तीस वर्षं लेथ चालवूनही त्यांचं पोट भरत नाही, आता पोलंडची लेथ पाहिजे. ताई, ते जाऊ दे, तुझ्या रूमवरची ती मुलगी अजून बर्फात आइसक्रीम खाते का?

प्रतिमा: थांब जरा. हा भोंगा आहे ना?

विनता: कोणता?

प्रतिमा: कोणता म्हणजे? फॅक्टरीचा. पाच वाजले ना तिथे. किती दिवसांनी ऐकला गं. चलो, मग मी थांबते. गेटपासून आपल्या क्वार्टरपर्यंत बाबांना सायकलने आठ मिनिटं. आठवतं, आपण मोजत होतो? मी आकडे म्हणायची आणि तू दारात उभी.

विनता: तुझं जेवण राहिलं असेल. तू जेव. मी बाबांना सांगते ना.

प्रतिमा: जेवता जेवता थांबते. आठच मिनिटं.

विनता: एक मिनिट हं, ताई. आई बोलावून राहिली. ... आई, फोन म्यूट केला आहे, लवकर बोल. ती थांबते म्हणते.

हेमलता: ऐकलं मी. सांग तिले, आज ओव्हरटाइम आहे.

विनता: तो शुक्रवारी सांगून झाला. आणि रविवारी मीच बोलून बसली, ओव्हरटाइम बंद झाला म्हणून.

हेमलता: कोणी सांगितलं होतं इतकं बोलायले? एक खोटं सांभाळता येत नाही, अन् ही चार सांगते.

विनता: मला नाही जमत, आई. स्टेशनवर तिने माझा हात धरून म्हटलं होतं, घरात काही झालं तर तू सांगशील, विनू, बाकी कोणी सांगणार नाही. मी हो म्हटलं होतं.

हेमलता: अन् बाबांनी लिहून दिलं ते? तुझ्याच वहीत दिलं. प्रतिमाले सांगायचं नाही. त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. कळलं तर ती परीक्षा सोडून येईल. तीन आठवडे राहिले फक्त.

विनता: आजी गेली तेव्हाही परीक्षाच होती. दरवेळी परीक्षाच असते.

हेमलता: हळू बोल. ऐकून राहिले ते.

विनता: ऐकू दे. बोलत तर नाहीत.

हेमलता: विनता.

विनता: चालू करते फोन. ... हां ताई, बोल. आई म्हणते, बाबांना आज उशीर होईल.

प्रतिमा: काहून?

विनता: सायकल पंक्चर.

प्रतिमा: भोंगा आत्ता झाला. सायकल पंक्चर झाली हे तुम्हाला घरी बसून कसं कळलं?

विनता: सकाळीच झाली होती. पायी गेले ड्यूटीवर.

प्रतिमा: मग पंचवीस मिनिटं. तरी थांबते.

विनता: आणि येताना भाजी पण घेतील ते. आणि कोणी भेटलं तर तुला माहीत आहे, चौकातच फॅक्टरीची मीटिंग सुरू होते. भैयालाल काका तर हमखास भेटतात, मग त्यांच्या ऑटोचं इंजिन...

प्रतिमा: विनू. तू घाबरली की जास्त बोलते.

विनता: मी नेहमीच जास्त बोलते. भाषण स्पर्धेत पहिली आली आहे, विसरली का?

प्रतिमा: रविवारी मी म्हटलं, विहारात जाऊन बाबांना फोन दे. तू म्हणाली, वंदना चालू आहे. बाबा वंदना घेतात तेव्हा माईक बंद असला तरी आवाज पाण्याच्या टाकीपर्यंत जातो. आपलं घर टाकीच्या अलीकडे आहे. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तेव्हा वाटलं, नेटवर्क.

विनता: तू इंजिनियर काहून होऊन राहिली? पोलिसात जायला पाहिजे होतं.

प्रतिमा: बाबा कुठे आहेत?

विनता: सांगितलं ना.

प्रतिमा: आजी गेली तेव्हा मी भोपाळला पेपर देत होती. घरी आली तर आजीची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. मी विचारलं, आजी कुठे आहे. तू दारात होती, तेरा वर्षांची. आपल्या पायांकडे पाहत राहिली. आताही पायांकडेच पाहून राहिली ना?

विनता: हो.

प्रतिमा: मग सांग.

विनता: बाबा घरीच आहेत. याच खोलीत. ताई, आधी पूर्ण ऐक, मध्ये बोलू नको, नाहीतर मला सांगता येणार नाही. गुरुवारी सकाळी दाढी करताना हातातून ब्रश पडला. आईने हाक मारली तर तोंड एका बाजूला गेलेलं. लकवा. भैयालाल काकांनी ऑटोत टाकून सरळ मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, म्हणून थोडक्यात निभावलं. परवा घरी आणलं. चालतात धरून धरून. उजवा हात जरा ढिला आहे, पण वाटी धरतात. रविवारी मी तुझ्याशी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून बोलत होती.

प्रतिमा: आणि बोलणं?

विनता: येतं. थोडं वाकडं, पण येतं. डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हा सांगितलं, टिकाराम. कसंतरीच निघालं. त्यांनी स्वतःच ऐकलं, आणि तेव्हापासून तोंड उघडलंच नाही. डॉक्टर म्हणतात, जितकं बोलाल तितकं सुधारेल. आणि हे माझ्या रफ वहीत डाव्या हाताने लिहितात. काल लिहिलं, मशीन बिघडली आहे, दुरुस्त झाल्यावर चालू करू. बोलल्याशिवाय दुरुस्त कशी होईल, ते लिहीत नाहीत.

प्रतिमा: सहा दिवस.

विनता: हो.

प्रतिमा: परवाच्या विमानात जागा दिसून राहिली. नागपूरपर्यंत. तिथून गाडीने येते.

हेमलता: दे इकडे फोन. प्रतिमा, बंद कर ते. तू येऊन का करशील?

प्रतिमा: तू मला सांगितलं नाही, आई.

हेमलता: नाही सांगितलं. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नाही सांगणार. तुले का माहीत? सहा महिन्यांसाठी तिकडच्या कॉलेजात तुझी निवड झाल्याचं पत्र आलं, त्या दिवशी हा माणूस सदर बाजारात जाऊन जगाचा नकाशा घेऊन आला. खाटेजवळच्या भिंतीवर लावला. पेनाने पोलंडभोवती गोल केला, अन् जो कोणी घरी आला त्याला दाखवला. गॅसवाल्यालाही. आता त्याच भिंतीकडे तोंड करून निजले आहेत, अन् तू म्हणते येऊन राहिली.

प्रतिमा: नकाशा पाहत एकटे पडून राहतील आणि मी इथे पेपर लिहू?

हेमलता: एकटे कशाचे? मी का मेली आहे? ही पोरगी आहे. तू परीक्षा सोडली तर हे सहा महिने गेले, अन् इथल्या कॉलेजातही वर्ष अडकलं. तूच सांगितलं होतं.

प्रतिमा: अडकू दे.

हेमलता: अडकू दे, हे त्यांच्या तोंडावर म्हणशील?

प्रतिमा: म्हणते. स्पीकरवर टाक.

विनता: टाकला आहे, ताई. कधीचाच.

प्रतिमा: बाबा, मी तिकीट समोर उघडून बसली आहे. तुम्ही सांगितलं येऊ नको, तर नाही येणार. पण तुम्ही सांगायचं. आईने नाही, विनूने नाही, वहीत लिहून नाही. तुमच्या तोंडून.

विनता: ही दमदाटी आहे, ताई.

प्रतिमा: असू दे.

हेमलता: अगं, काहून त्रास देते त्यांना? ते नाही बोलत. मी पाया पडली तरी नाही बोलले.

विनता: वही मागून राहिले.

प्रतिमा: वही नको देऊ.

विनता: बाबा, नाही देणार. माझी वही आहे, आता गणितं करायची आहेत मला तिच्यात. इकडे वळा. नकाशाकडे नाही, माझ्याकडे. भाषण स्पर्धेच्या दिवशी माझी पहिली चार वाक्यं घशातच राहिली होती. तुम्ही अर्धी सुट्टी काढून आले होते, फॅक्टरीच्या कपड्यांतच, एकदम शेवटच्या रांगेमागे उभे. ऐकू आलं नाही की हात वर करत होते. सगळ्या मुली मागे वळून पाहून राहिल्या होत्या, मला इतका राग आला होता तुमचा. पण मी जोराने बोलली. बोलली ना? आता मी जाते दाराजवळ. ऐकू आलं नाही तर हात वर करीन. वाकडं ऐकू आलं तर काहीच नाही करणार.

(फोन खाटेवर ठेवल्याचा आवाज. मग दाराकडे जाणारी पावलं.)

टिकाराम: प...

हेमलता: हात खाली कर, विनू.

विनता: नाही आलं ऐकू.

टिकाराम: प्र... ति...

हेमलता: कर म्हणते ना खाली. घाम आला त्यांना.

विनता: येऊ दे. आई, तू मध्ये बोलू नको.

टिकाराम: प्रति... मा.

प्रतिमा: हो, बाबा. मी आहे.

टिकाराम: ले... थ.

हेमलता: येऊ नको म्हणा ना. तेवढंच म्हणा, अन् पडून राहा.

टिकाराम: लेथ. को... णती. सांगि... तलं नाही... तू.

विनता: ताई, हात खाली आहे माझा. केव्हाचा.

प्रतिमा: उद्या सांगते, बाबा. सकाळी आठला वर्कशॉप उघडतं. वाकून पूर्ण पाटी वाचते. कंपनी, साल, सगळं.

टिकाराम: अन्... पर... वा?

प्रतिमा: परवापण वर्कशॉपच आहे, बाबा.