सुनंदाताईंची कात्री

माधवराव, अनघा, हॅम्बर्गच्या आपल्या मंडळींनो,

माधवराव, तुमच्या पत्नीला, आमच्या सुनंदाताईंना, निरोप द्यायला मी उभी राहिले आहे. तरी ताईंच्या कामाविषयी बोलायचं म्हटलं की आजही अंगात उत्साह संचारतो. माफ करा, मी तशीच बोलणार आहे.

मी विद्या. ताईंच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. बंदरातल्या चिखलातून आम्ही एक जिवाणू वाढवला होता. त्याच्यावर विषाणू सोडले तरी तो मरत नव्हता. बॉस म्हणाले, "सॅम्पल बिघडलंय, टाकून द्या."

ताई म्हणाल्या, "विद्या, हा मरत का नाही गं?"

त्यांनी त्या जिवाणूचा अर्क काढला आणि विषाणूच्या डीएनएत मिसळला. एरवी अशा वेळी डीएनएचा नुसता भुगा व्हायचा. त्या दिवशी जेलमध्ये तुकडे लांबीनुसार वेगळे करून पाहिले, तर दिव्याखाली नारिंगी पट्टे दिसले. स्वच्छ, वेगवेगळे, पाच; एकेक पट्टा म्हणजे एकाच लांबीचे तुकडे.

ताई हळूच म्हणाल्या, "विद्या, हा मोजून कापतो गं."

बॉस म्हणाले, "नॉखमाल." पुन्हा करा. आम्ही पुन्हा केलं. पाच पट्टे. पुन्हा केलं. पाचच. ठरलेल्या जागीच डीएनए कापणारं एन्झाइम आमच्या हाती लागलं होतं.

मग इतर लॅबची पत्रं आली, आम्हालाही पाठवा. बॉसनी बजावलं, पेपर छापून येईपर्यंत थांबा, दुसरं कुणी आधी छापेल. मीही घाबरले होते. ताई मात्र पाठवायला एन्झाइमच्या नळ्या बर्फात भरत होत्या. म्हणाल्या, "कात्री कपाटात ठेवून काय कापणार?"

आणि खरंच, दुसऱ्याच कुणीतरी आधी छापलं.  तिसऱ्या दिवशी ताई बंदरातून नवा चिखल घेऊन आल्या.

पुढे माझ्या लेकीला, अनघाला, आठव्या वर्षी मधुमेह निघाला. हॉस्पिटलात मी कोसळले. ताई तिच्या खाटेवर बसल्या, इन्सुलिनची बाटली तिच्या हातात दिली. "हे जिवाणूंनी बनवलंय, बाळा. माणसाचं जीन कापून त्यांच्यात जोडता येतं ना, म्हणून. माझं एन्झाइम नाही हं यात. त्याच्या भावंडांचं काम आहे."

अनघानं विचारलं, "एश्ट?" खरंच?

"खरंच," ताई म्हणाल्या.

आता सांगा, अशा बाईला निरोप कसा द्यायचा? मला एवढंच सुचतं. दोन मिनिटं शांत उभं राहू या.

अनघा, आधी तू ऊठ. मग आम्ही सगळे.