बुवांना समाधी लागली!

मंडळी, ऐका! आधी एक सवाल. दुखणं झाकून ठेवावं, की बोलून दाखवावं? "बोलावं!" म्हणालात ना? खोटं! कंबर धरून देवळाची पायरी चढता, आणि कुणी विचारलं तर म्हणता, "कुठं काय!" हसू नका. मी तुमचाच गुरू!

मला आमवात. म्हणजे काय? अंगातले पहारेकरीच घरच्यांना चोर समजून बडवतात! सकाळी मूठ उघडत नाही, गुडघा वळत नाही. आमची कुमुद गरम पाण्यात माझी बोटं शेकणार, सदऱ्याची बटणं लावणार — आणि बुवा बाहेर येऊन सांगणार, "देह म्हणजे माती, त्याची चिंता कशाला!" वा रे वैराग्य!

गोळ्या सुरू झाल्या होत्या, गुण यायचा होता. अशात गेल्या साली पलीकडच्या गावी हनुमानजयंतीचं कीर्तन. जन्म सूर्योदयाला! कुमुद म्हणाली, "अहो, त्यांना सांगा तरी. खुर्ची ठेवतील." मी भडकलो, "समुद्र ओलांडणाऱ्याची कथा खुर्चीत बसून सांगू? पुढच्या साली दुसरा बुवा बघतील!" हीच भीती हो! कीर्तन गेलं, तर मी कोण?

गेलो. तोऱ्यात देवाला साष्टांग घातला — आणि उठता येईना! नाक फरशीला, बुवा पालथे! तबल्यावर आमचा अनंता. त्याला वाटलं, बुवांना भावसमाधी लागली! त्यानं गजर धरला. देऊळ नाचायला लागलं! एक आजी तर माझ्याच पाया पडल्या. मी पुटपुटतोय, "अनंता, उचल रे!" तो कानाशी येऊन म्हणतो, "बुवा, हलू नका. अशी समाधी पुन्हा लागायची नाही!"

पूर्व उजळली. जन्माची वेळ आली. गप्प पडून राहिलो असतो, तर आज संत झालो असतो! पण पाळणा कोण म्हणणार? शेवटी ओरडलो — "समाधी कसली! आमवात आहे! उचला मला!"

गजर थांबला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोबत आलेल्या कुमुदनं एका काखेत हात घातला, अनंतानं दुसऱ्या. कुणीतरी खुर्ची सरकवली. बसूनच पाळणा म्हटला. बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू!

कीर्तन संपलं, तशा त्या पाया पडणाऱ्या आजी आल्या. सगुणाबाई त्यांचं नाव. सुजलेली बोटं पुढे केली. "बुवा, माझीपण सकाळी उघडत नाहीत. सुनेला वाटतं, म्हातारी कामचुकार झाली. मी मेली बोलणार कुणाला?" मला रडूच आलं. कुमुदनं त्यांना आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आता सगुणाबाई पुन्हा भाकऱ्या थापतात. रोग गेलेला नाही — ना त्यांचा, ना माझा. पाहुणा राहायलाच आलाय, पण आता दाराशी बसतो, छातीवर नाही. आणि त्या गावानं मला यंदाही बोलावलंय!

देवापुढे लोटांगण घालता ना? मग माणसापुढे एक वाक्य बोलायला जीभ का अडते? चला, ज्याचं दुखतंय त्यानं हात वर करा! कुणीच नाही? बरं. ज्याचा हातच वर जात नसेल, त्यानं जागेवरूनच हाक मारावी. मी खाली उतरून येतो.

अनंता, धर रे मला!