लिंबू-टिंबूंचं दुकान

न्हाई, विश्वंभरदादा, तुझं दुकान बुडालं त्यात चूक जळबाशेठची न्हाईच! सहा महिने फोनवर तेच सांगून राहिलो, आज माईकवर ऐक. माफ करा, आधी रीत. निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दत्तोपंत काका, सत्कारमूर्ती माझे थोरले बंधू विश्वंभर, त्यांचं गेमचं दुकान विकत घेणारे दिलदार जळबाशेठ, आणि फुकट चहाला जमलेल्या तमाम कळमनुरीकरांनो! मला सुट्टी मिळाली न्हाई, म्हणून हे भाषण आमची बहीण वाचून दाखवील. पुजा, रडू आलं तरी एक ओळ गाळू नको.

मी नववी नापास. बंगळुरूच्या गोदामात गेमच्या मशिनांची खोकी उचलतो. पुस्तकातलं कळत न्हाई, पण पाठीला सगळं कळतं. पहिल्या नंबरच्या कंपनीचा माल रोज ट्रकभर जातो. दुसरी कंपनी हट्टानं तसलंच ताकदवान मशीन काढती, अन् तिच्या पडून राहिलेल्या खोक्यांवर आमी डबा खातो. तिसरीनं वळखलं, ताकदीत आपला निभाव न्हाई. तिनं आजी-नातवानं मिळून खेळायचं सोपं मशीन काढलं. आता तिचा माल उचलून माझी कंबर गेली.

दादा, आपल्या आळीत लपंडाव खेळताना बारक्याला लिंबू-टिंबू करायचे, आठवतं? त्याच्यावर राज्य येत नसे, म्हणून लेकरू रडत घरी जात नसे. तुझ्या समोरच्या जळबाशेठच्या गेमच्या दुकानात एक पोरगं जिंकतं, वीस हरतात. ती वीस कुठं जात होती? तुझ्या जुन्या मशिनांवर! काहून? तिथं हरलं तरी कुणी हसत नव्हतं. खुद्द शेठची लेक आरोही चोरून तुझ्याकडं खेळायला येत होती. शेठ, ठाऊक नव्हतं? आता झालं.

अन् सत्कारमूर्तींनी काय केलं? जुनी मशिनं माळ्यावर फेकली. शेठसारखा निळा लाईट लावला, शेठसारखंच एक नवं मशीन आणलं. आरोहीला म्हणाले, "ए, निघ. हे लिंबू-टिंबूंचं दुकान न्हाई!" बराबर. त्या दिवसापासून ते कुणाचंच दुकान राहिलं न्हाई. समोर आठ मशिनं असताना तुझ्या एकासाठी कोण रांग लावील? पुजा, हे परत एकदा वाच, मोठ्यानं.

आता म्हणे शेठ तुला त्याच दुकानात झाडायला ठेवून घेणार. केवढं मोठं मन! शाल घेताना मान वर ठेव, फोटो खराब येतो.

एक राहिलं. माळ्यावरची चार मशिनं शेठनी भंगार म्हणून सोडलीत. आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावात शेठ न्हाईत, पण हरणारी पोरं तिथं बी आहेत.

आयोजकांचे, चहावाल्याचे अन् न रडता वाचणाऱ्या पुजाचे आभार. शब्द लागले असतील तर लागावेत म्हणूनच लिहिले. शुद्धलेखन चुकलं असेल, तेवढं पदरात घ्या.

दादा, नव्या मशिनाला तू माझ्याकडं चाळीस हजार मागितले होतेस, ते मी दिले न्हाईत. त्या चार जुन्या मशिनांसाठी गोरेगावपर्यंतचं टेम्पोचं भाडं पाठवतोय. अठराशे रुपये.