वादी नंबर एकची बदली

(बुलढाणा कोर्टाचं आवार. वकील योगिनीचं टेबल. समोर अमडापूरचा मंडप-भोंगेवाला कडूबा आणि त्याची विधवा भावजय कोकिळा.)

कडूबा : तेच म्हणून राह्यलो मॅडम, मले प्रतिवादी करा.

योगिनी : काका, तुम्ही वादी नंबर एक आहात. स्वतःवरच दावा लावता येत नाही.

कडूबा : काऊन? नोटीस आली तर मी घरीच असतो. घेऊन घेतो.

कोकिळा : सकाळपासून हेच चालू आहे. एस्टीत कंडक्टरलेही विचारलं यायनं.

योगिनी : नीट ऐका. शेअर विकताना कंपनीनं माहितीपत्रकात खोटा नफा दाखवला, हे आपण दावा दुरुस्त करून त्यात घातलं. लाल शाईनं. आता कंपनीचा नवा अर्ज आलाय : दुरुस्त दावाही फेटाळा. कारण काय, तर कोकिळाताईंनी माहितीपत्रक वाचलंच नाही, भोंगा ऐकून शेअर घेतले.

कडूबा : बरोबर लिहिलं त्यायनं.

योगिनी : काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात?

कडूबा : तेच तर विचारून राह्यलो.

योगिनी : भोंग्यावरचा मजकूर कंपनीनं दिला होता. तुम्ही फक्त वाचलात.

कडूबा : मजकूर कंपनीचा. शेवटचं 'कोकिळावहिनी, तुम्हीपण घ्या, छकुलीच्या नर्सिंगले कामी येतील', हे माह्यं. आवाजही वाढवला होता.

कोकिळा : बकऱ्या बुजल्या होत्या.

कडूबा : आता पैसे बुडाले अन् वहिनीची छकुली नर्सिंग सोडून घरी बसली आहे. मले पाणी देते अन् काही बोलत नाही. बोलली असती तर बरं होतं.

योगिनी : एक मार्ग आहे. अर्ज देऊन वादीला प्रतिवादीत नेता येतं. मग दावा कंपनीवर आणि कंपनीच्या भोंग्यावर, म्हणजे तुमच्यावर, दोघांवर. ताईंचा हक्क टिकेल. पण तुमच्या स्वतःच्या शेअरवर पाणी सोडा. शिवाय ताईंची भरपाई तुमच्याकडूनही वसूल होऊ शकते.

कडूबा : चालते. मंडप विकतो.

योगिनी : आणि कंपनीवाल्यांच्या बाकावर बसावं लागेल.

कडूबा : तिकडं पंखा आहे का?

योगिनी : ताई, आता वादी म्हणून तुम्हीच उरता. तुम्ही सांगा.

कोकिळा : मालक गेले तवापासून गावात माह्यं नाव कोणी घेत नव्हतं, मॅडम. 'गोविंदाची बायको' म्हणत, तेही हळू आवाजात. त्या दिवशी भोंग्यावरून नाव आलं, तशी मी दारात येऊन उभी राह्यली. शेअर काय असते, ते मले आताही माईत नाही.

योगिनी : हे शपथपत्रात लिहू?

कोकिळा : नका लिहू. ते कंपनीले काऊन सांगायचं?

कडूबा : वहिनी...

कोकिळा : टाका यायले तिकडं, मॅडम. अन् भाऊजी, कोर्टात भोंगा नसते. हळूच बोला. मी इकडून ऐकते.