डॉक्टरांच्या निरोपात माईंची गोष्ट

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावर बसलेल्या सरकारी इस्पितळातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम, आपल्या महिला मंडळाच्या सर्व पदाधिकारी, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या डॉक्टरबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो आणि बंधूंनो,

सगळ्यांना नमस्कार.

माझ्याआधी सहा जण बोलले. सगळे छान बोलले. मी काही बोलणारी बाई नाही. डॉक्टरबाईंच्या होमिओपॅथीच्या दवाखान्यात तेवीस वर्षं पुड्या बांधणं, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवणं आणि केसपेपर काढून देणं हे माझं काम. तुमच्यातल्या निम्म्या जणी मला 'पुडीवाल्या बाई' म्हणूनच ओळखता. नाव विचारलं तर सांगता येणार नाही कुणाला.

बोलायला मी नकोच म्हणत होते. पण गेल्या सोमवारी दवाखान्यातली कपाटं रिकामी करताना डॉक्टर म्हणाल्या, "माझी स्तुती करायला बाकीचे आहेत. तू माईंचं सांग."

मी म्हटलं, "निरोपाच्या दिवशी?"

"मग कधी सांगणार?"

म्हणून उभी राहिलेय. आता हा विषय बायकांचा आहे, पाळी जाण्याचा आहे. पुढच्या रांगेतली पुरुषमंडळी आत्तापासूनच पायाकडे बघायला लागलीत. बघा, काही हरकत नाही. पण कान इकडे असू द्या. घरी तुमच्याही कुणीतरी आहे.

माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा मला साधी कणीक मळता येत नव्हती आणि सासूबाईंची जीभ तर विळीसारखी. तेव्हा माई माझ्या हातातली परात ओढून घ्यायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "धाकटीनं आज काय सुरेख मळलीय!" अशी ती बाई. कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर होत्या. कापडाचे चाळीस-चाळीस थर एकावर एक टाकायचे आणि एका दमात कापायचे. हात इतका सरळ, की मालक नव्या मुलींना त्यांच्या शेजारी नुसतं बघायला उभं करायचा.

पन्नाशीला त्यांची पाळी गेली. आणि मग सुरू झालं ते बऱ्याच जणींना माहीत आहे. उभ्या उभ्या छातीपासून वाफ उठल्यासारखी व्हायची, चेहरा लाल, मानेवरून घामाच्या धारा, आणि पाच मिनिटांनी थंडी. झोप नाही. लहानसहान गोष्टीवरून भांडण, मग स्वतःच रडणं. कारखान्यात शेजारीच वाफेच्या इस्त्र्या. माईंनी पंखा आपल्याकडे वळवला की मुकादम म्हणायचा, "बाई, हवा तुम्हालाच एकटीला लागते का हो?" सगळे हसायचे. एक दिवस घाम डोळ्यांत गेला, पातं सरकलं, आणि चाळीस थरांचा अख्खा गठ्ठा अर्धा इंच चुकला. माई संडासात जाऊन रडल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात चुकला होता. "वेड लागतंय ग मला," म्हणाल्या.

मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी त्यांना पहिल्या दिवशी सव्वा तास बसवलं. घाम कुठून सुरू होतो, स्वप्नं कसली पडतात, कुणाचा राग येतो, उन्हात बरं वाटतं की सावलीत. माई बाहेर आल्या त्या डोळे पुसत. "आजवर मला कुणी इतकं विचारलंच नव्हतं," म्हणाल्या. सेपिया नावाचं औषध दिलं होतं. पुड्या मीच बांधल्या. तीन-चार महिन्यांत घाम पुष्कळ कमी झाला, झोप लागायला लागली, हात पुन्हा सरळ चालायला लागला. आता हे गोळ्यांनी झालं, कुणी मन लावून ऐकलं म्हणून झालं, की आपसूक कमी व्हायचंच होतं, हे मला सांगता येणार नाही. पूर्वी मी ठामपणे सांगितलं असतं. डॉक्टरांनी तर छातीवर हात ठेवून शपथ घेतली असती. आता त्याही "मला माहीत नाही" असंच म्हणतात.

पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. आम्ही दोघी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. माई हसत हसत म्हणाल्या, "धाकटे, गंमत ऐक. पाळी परत आली! म्हातारपणी तरुण झाले की मी."

मीही हसले. हे मला आज सांगितलंच पाहिजे. मी हसले.

दुसऱ्या दिवशी दोन पेशंटांच्या मध्ये डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी लगेच माईंना बोलावून घेतलं. म्हणाल्या, "हे तपासून घ्यायला हवं. सोनोग्राफी करू, इस्पितळात चिठ्ठी देते."

माईंचा चेहरा पडला. त्यांची आई इस्पितळात पोटाच्या दुखण्यानं गेली ती परत आलीच नव्हती. "तेवढं नका सांगू डॉक्टर. तिथं पाय ठेवायला लावू नका. तुमच्या गोळ्यांनी सगळं बरं झालं, हेही होईल."

डॉक्टरांनी लिहायला घेतलेली चिठ्ठी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "बरं. सहा आठवडे बघू. थांबलं नाही तर मात्र जायचं."

औषध बदललं. नवव्या दिवशी रक्त थांबलं.

काय आनंद झाला होता आम्हाला! सहा आठवडे झाले, दोन महिने झाले, काही नाही. इस्पितळाचा विषय निघालाच नाही. डॉक्टरांनी ती केस लिहून काढली. त्यांचं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, मुंगी शाईत बुडून पळाल्यासारखं. म्हणून सुवाच्य प्रत मी केली. होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या वार्षिक सभेत ती वाचली गेली. टाळ्या झाल्या. मी मागच्या खुर्चीवर होते, मीही वाजवल्या. घरी येऊन माईंना सांगितलं, "तुमच्या नावानं टाळ्या पडल्या आज." त्या लाजल्या. कारखान्यात चार जणींना सांगून आल्या.

आणि हेच नडलं. चार महिन्यांनी रक्त परत दिसलं. थोडं, मग थांबायचं, मग पुन्हा. माईंनी कुणाला सांगितलं नाही. एके सकाळी मोरीतल्या बादलीत भिजवलेलं कापड मी पाहिलं. विचारलं. त्यांनी माझा हात धरला. "डॉक्टरांना बोलू नकोस. एवढी सभेत वाचली त्यांनी माझी केस. तोंड पडेल ग त्यांचं. थांबेल आपोआप, मागं थांबलं तसं."

मी बोलले नाही. तीन आठवडे बोलले नाही. मी रोज दवाखान्यात जात होते, रोज डॉक्टरांच्या टेबलावर केसपेपर ठेवत होते, शब्द अगदी ओठांवर यायचे, आणि मी गिळायचे. माईंनी शपथ घातली म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं. खरं ते तेवढंच नाही. ती प्रत माझ्या अक्षरातली होती. मलाही ती खोटी पडायला नको होती.

तीन आठवड्यांनी माई कटिंगच्या टेबलाशी कोसळल्या. मुकादमानंच रिक्षा बोलावली, इस्पितळात नेलं. आज व्यासपीठावर आहेत त्याच मॅडमनी तपासलं. गर्भाशयाचा कॅन्सर होता, बाहेर पसरलेला. ऑपरेशन झालं. बाकीचे उपचार झाले. त्यानंतर माई अकरा महिने होत्या.

मॅडमना मी एकदा विचारलं होतं, पहिल्या वेळी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण तेव्हा आणायला हवं होतं." त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

डॉक्टरांना कळलं त्याच दुपारी दवाखाना बंद करून त्या आमच्या घरी आल्या. दार माझ्या थोरल्या दिरांनी उघडलं. भावजी फार कमी बोलतात. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं आणि विचारलं, "गोळ्या आणल्यात?"

डॉक्टर उंबऱ्याबाहेर उभ्याच. आतून माईंचा आवाज आला, "अहो, त्यांना आत येऊ द्या."

डॉक्टर पलंगाजवळ गेल्या. खुर्ची होती, पण बसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला हाताला धरून न्यायला हवं होतं. मी नेलं नाही. चूक माझी आहे."

माई म्हणाल्या, "मीच नको म्हटलं होतं ना."

"पेशंट नको म्हणणारच. मी तुमचं ऐकलं, कारण माझ्या औषधावर माझा जीव जडला होता."

भावजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. मग मी बोलले. बादलीतल्या कापडाचं सांगितलं, सगळ्यांसमोर. माई म्हणाल्या, "तिला बोल लावू नका, मीच तिला गप्प बसवलं होतं." माझे यजमान त्यानंतर वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलले. भावजी तेवढंही नाही.

डॉक्टर दर गुरुवारी येत राहिल्या. औषध घेऊन कधीच नाही. माईंचे केस गळले होते, तर डोक्याला मऊ फडकं बांधून द्यायच्या, पाय चेपायच्या, कारखान्यातल्या गप्पा ऐकायच्या. शेवटच्या महिन्यात माईंच्या तोंडाला चव राहिली नव्हती. एका गुरुवारी म्हणाल्या, "डॉक्टर, तोंड कडूजहर झालंय. तुमच्या दोन गोड गोळ्या द्या ना." डॉक्टरांना ते ऐकवलं नाही. उठून बाहेरच्या खोलीत गेल्या. मी दवाखान्यातून कोऱ्या गोळ्यांची बाटली आणली, जिच्यात औषधाचा थेंब टाकलेला नसतो ती, आणि माईंच्या जिभेवर दोन ठेवल्या. त्यांनी त्या सावकाश चघळल्या. पुढच्या मंगळवारी गेल्या.

पुढच्या वार्षिक सभेत डॉक्टर पुन्हा उभ्या राहिल्या. तीच केस पुन्हा वाचली, पुढची पानं जोडून. त्यात मी तीन आठवडे गप्प बसल्याची ओळही होती, माझ्या परवानगीनं. प्रतही मीच केली होती. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. चहाच्या वेळी एक ज्येष्ठ डॉक्टर जवळ येऊन म्हणाले, "बाई, अशा गोष्टी चार भिंतींत ठेवायच्या असतात." डॉक्टर म्हणाल्या, "चार भिंतींत ठेवली होती, म्हणूनच तर."

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात घामासाठी, झोपेसाठी, चिडचिडीसाठी जी बाई यायची, तिला स्वप्नाबिप्नांच्या आधी एकच प्रश्न. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं का? थेंबभर का होईना? 'हो' म्हणाली की पुडी नाही. मॅडमच्या नावाची चिठ्ठी, आणि बरोबर मी. बायका चिडायच्या. "आम्ही औषधाला आलोय की उलटतपासणीला?" म्हणायच्या. पुष्कळ जणी दुसरीकडे गेल्या. अकरा वर्षांत एकेचाळीस जणींना मी इस्पितळाच्या त्या जिन्यावरून वर नेलं. अडतीस जणींचं काळजीचं काही निघालं नाही. तीन जणींचं निघालं, वेळेत निघालं, त्या तिघी आज हिंडत्याफिरत्या आहेत.

हे सांगितल्यावर तुमच्यापैकी काही जणांनी सुटकेचा श्वास सोडला, मला इथून दिसलं. सोडू नका. तीन राहिल्या म्हणून एक गेली ती भरून निघत नाही. डॉक्टरही तसं मानत नाहीत. मग त्यांचा सत्कार कशाला, असं कुणी विचारेल. मला विचाराल तर, मी तेवीस वर्षांत चुकलेली माणसं पुष्कळ पाहिली, त्यात मी एक. पण ज्याच्या बाबतीत चूक झाली त्याच्या घरी स्वतःहून जाऊन, पलंगाशी उभं राहून, "चूक माझी" म्हणणारं माणूस मी एकच पाहिलं. तिथं मी त्यांच्यापेक्षा उशिरा बोलले. अशा माणसाजवळची नोकरी म्हणून मी ती सोडली नाही.

या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला मी भावजींकडे गेले होते. इतक्या वर्षांनी त्यांनी मला 'बस' म्हटलं. पत्रिका वाचली, घडी घालून परत दिली. "मी येणार नाही," म्हणाले. "तू बोलणार असशील तर खरं बोल. नाहीतर गप्प बस."

त्यांना सांगेन, बोलले म्हणून.

डॉक्टर, तुमची तब्येत सांभाळा. गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नका, मॅडमच्या ओळखीचे हाडांचे डॉक्टर आहेत, मी बरोबर येईन.

महिला मंडळानं मला बोलू दिलं, अध्यक्षबाईंनी वेळेची घंटा हातात असून वाजवली नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी हे जड बोलणं बसून ऐकलंत, याबद्दल मी आभारी आहे. बोलताना शब्द पुढेमागे झाला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं पोटात घाला. त्या तीन आठवड्यांची माफी मात्र मी तुमच्याकडे मागत नाही. ती ज्या माईंकडे मागायची, त्यांनी मी मागायच्या आधीच देऊन टाकली होती, आणि मला ती अजून घेता आलेली नाही.

नमस्कार.